न काढलेल्या बाणांचा हिशेब

मागच्या अंकात मोबाईलवरच्या स्पॅम मेसेजबद्दल लिहिताना मी जाता जाता 'प्रोबॅबिलिस्टिक ग्राफिकल मॉडेल' असं एक लांबलचक नाव टाकून मोकळी झाले, आणि आता त्याची फळं भोगतेय, कारण या महिन्यातली निम्म्याहून जास्त पत्रं त्याच्यावरच आहेत. त्यामुळे एक्सेलचे, पासवर्डचे आणि 'फोन फार गरम होतो'चे प्रश्न पुढच्या अंकात, राग मानू नका. यावेळी फक्त हेच, म्हणजे समोर आलेली गोष्ट कुठल्या गटात टाकायची हे ग्राफवाली, म्हणजे गोल-बाणांच्या आकृतीवरून शक्यता मोजणारी, मॉडेलं कशी ठरवतात ते.

प्रश्न: मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात नाईव्ह बेझ हे पण ग्राफिकल मॉडेलच आहे. पुस्तकात तर नुसता फॉर्म्युला आहे, ग्राफ कुठेच नाही. मग ग्राफ कुठला?

उत्तर: सर बरोबर सांगतायत. नाईव्ह बेझ म्हणजे लक्षणांवरून रोग किंवा शब्दांवरून स्पॅम ओळखायची एक साधी पद्धत, 'नाईव्ह' म्हणजे भोळी. कागद घे, वर मधोमध एक गोल काढ, त्यात 'रोग' लिही. खाली ओळीने ताप, अंगदुखी, पुरळ, उलटी असे गोल काढ आणि वरच्या गोलातून प्रत्येकाकडे एकेक बाण सोड. झालं, हाच तो ग्राफ, छताला टांगलेल्या झुंबरासारखा दिसतो. प्रत्येक गोलाशेजारी एक छोटा तक्ता असतो, की डेंगी असेल तर पुरळ यायची शक्यता किती आणि साधा व्हायरल असेल तर किती. तुझ्या पुस्तकातला फॉर्म्युला म्हणजे हे तक्ते एकमेकांना गुणायचे, बास.

पण खरी गोम तू काढलेल्या बाणांत नाहीये, न काढलेल्या बाणांत आहे. ताप आणि अंगदुखी यांच्यामधे तू बाण काढला नाहीस, म्हणजे तू छातीठोकपणे सांगून टाकलंस की एकदा रोग कुठला ते कळलं की मग ताप आहे की नाही यावरून अंगदुखीबद्दल नवीन काहीही कळत नाही. हे तू म्हणतेयस, डेटा म्हणत नाहीये. याला कंडिशनल इंडिपेंडन्स म्हणतात आणि व्हायवात हेच विचारतात, तेव्हा पाठ करू नकोस, समजून घे.

बाण का वाचवायचे, तर तक्ते फुगतात म्हणून. समज २० लक्षणं आहेत, प्रत्येक फक्त हो किंवा नाही. काहीच गृहीत धरायचं नाही म्हटलं तर लक्षणांची कॉम्बिनेशन्स होतात २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६, आणि दोन रोगांसाठी मिळून तुला २०,९७,१५१ आकडे डेटातून शोधायला लागतील. एवढे पेशंट आणणार कुठून? झुंबरवाल्या ग्राफमधे किती लागतात, तर ४१. प्रत्येक लक्षणाचे दोन, असे ४० आणि रोगाच्या मूळ प्रमाणाचा एक. वीस लाखांवरून एक्केचाळीसवर आलीस ती फक्त बाण खोडून, आणि खोडताना तू खोटं किती बोललीस हा सगळा या विषयातला वाद आहे.

ज्याचं नाव या पद्धतीला आहे त्या थॉमस बेझचा शक्यतांवरचा निबंध तो गेल्यावर १७६३ मधे छापला गेला, पण गोल आणि बाणांची ही भाषा आपल्यापर्यंत आली ती बऱ्याच नंतर. अशा ग्राफला 'बेझियन नेटवर्क' हे नाव ज्यूडिया पर्ल यांनी १९८५ मधे दिलं, १९८८ मधे त्यांचं याच्यावरचं जाड पुस्तक आलं आणि २०११ चं ट्युरिंग अवॉर्ड त्यांना मिळालं. एवढं लिहिलंस तरी पेपर तपासणारा खूश.

प्रश्न: मी ठाण्याला एका कंपनीत मेसेज फिल्टरवर काम करतो. आमचं नाईव्ह बेझ मॉडेल ग्राहकांचे खरे केवायसीचे मेसेज स्पॅममधे टाकतं, आणि टाकताना वर ९९.९९ टक्के खात्री दाखवतं. साहेब विचारतात एवढी खात्री आली कुठून. मी काय सांगू?

उत्तर: साहेबांना सांगा की एकच साक्षीदार दहा वेळा साक्ष देऊन गेलाय. चेष्टा नाही करत, अक्षरशः तेच झालंय. मी मनाने आकडे घेते, तुम्ही नंतर तुमचे घालून बघा.

एक हजार मेसेज धरा, २०० स्पॅम, ८०० खरे. 'केवायसी' हा शब्द स्पॅमपैकी ३० टक्क्यांत येतो म्हणजे ६० मेसेज, आणि खऱ्यांपैकी १० टक्क्यांत म्हणजे ८०. आता 'केवायसी' असलेला नवीन मेसेज आला तर तो स्पॅम असायची शक्यता किती, तर ६० भागिले १४०, साधारण ४३ टक्के. निम्म्याच्या खाली, म्हणजे मॉडेलने याला खरा म्हणायला हवं आणि ते म्हणतंही.

पण मेसेजमधे नुसतं 'केवायसी' कधी येतं का हो? 'आपले केवायसी अपडेट करण्यासाठी लिंकवर जा' असं सगळं वऱ्हाड बरोबर येतं, खऱ्या मेसेजमधे पण आणि खोट्यामधे पण. धरून चाला की जिथे 'केवायसी' तिथे 'अपडेट' आणि 'लिंक' असणारच. म्हणजे 'अपडेट' दिसल्याने आपल्याला नवीन काय कळलं? शून्य. उत्तर ४३ टक्केच राहायला पाहिजे. नाईव्ह बेझला मात्र हे दोघे एकाच घरातले आहेत हे माहितीच नाही, कारण त्यांच्यामधे बाण नाही. ते परत ३० टक्के आणि १० टक्के लावतं, ६० चे होतात १८ आणि ८० चे होतात ८, म्हणजे १८ भागिले २६, ६९ टक्के स्पॅम! 'लिंक'साठी परत एकदा लावलं की ८७ टक्के. आणि एकाच साच्यातले असे दहा शब्द आले की ३ चा दहावा घात म्हणजे ५९,०४९ (१० च्या तिप्पट ३०, म्हणून ३), विरुद्ध बाजूला आपले मूळचे ४ (२०० च्या चौपट ८००), आणि उत्तर ९९.९९ टक्के. तुमच्या स्क्रीनवर दिसतंय ना, तेच.

बघा म्हणजे, मेसेज बदलला नाही, पुरावा बदलला नाही, फक्त एकच पुरावा मोजला किती वेळा त्यावर ४३ चे ९९.९९ झाले.

उपाय तीन आहेत आणि मी ज्या क्रमाने करून बघीन त्याच क्रमाने सांगते. पहिला एकदम साधा, साच्यातले शब्द एकत्र करून एकच फीचर, म्हणजे मॉडेलने बघायची एकच खूण, करा, 'केवायसीवाला साचा आहे की नाही' एवढंच. याने तुमचं निम्मं दुखणं जाईल आणि याला काही गणित लागत नाही. दुसरा, थोडे मेसेज बाजूला काढून ठेवा आणि मॉडेल जेव्हा ९९ म्हणतं तेव्हा खरोखर शंभरात किती स्पॅम निघतात ते मोजून आकडा खाली ओढा, याला कॅलिब्रेशन म्हणतात, सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीत तयार मिळतं. तिसरा उपाय ग्राफ सुधारायचा. १९९७ मधे फ्रीडमन, गायगर आणि गोल्डश्मिट या तिघांनी टॅन नावाचा प्रकार मांडला, ट्री ऑगमेंटेड नाईव्ह बेझ, त्यात क्लासकडून, म्हणजे 'स्पॅम की खरा' या वरच्या गोलाकडून, येणारा बाण असतोच पण शिवाय प्रत्येक फीचरला दुसऱ्या एका फीचरकडून अजून एक बाण घ्यायची परवानगी असते. 'केवायसी'कडून 'अपडेट'कडे बाण काढला की 'अपडेट'चा तक्ता म्हणतो, केवायसी आलाय ना, मग मी येणारच, स्पॅम असो वा नसो. दोन्हीकडे १ ने गुणलं, आकडा हलला नाही, ४३ चे ४३. आणि महाग पण नाही हे, वरच्या विद्यार्थिनीच्या २० लक्षणांच्या हिशेबात ४१ चे ७९ आकडे होतात, वीस लाख नाही.

साहेबांना एक अजून सांगा. नाईव्ह बेझने दिलेला टक्का गंभीरपणे घ्यायचा नाही हे सायकिट-लर्नच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे, म्हणजे गटात टाकायला बरं पण शक्यता सांगायला वाईट. क्रम लावायला वापरा, आकडा म्हणून कुणाला दाखवू नका.

प्रश्न: एकही 'कुलस्वामिनी' शब्द स्पॅममधे आला नव्हता म्हणून माझ्या प्रोजेक्टमधे तो शब्द असलेला कुठलाही मेसेज, लॉटरीचा असला तरी, 'खरा'च ठरतो. असं का? (सोलापूर)

उत्तर: गुणाकारात एक शून्य आलं की बाकी सगळे गेले. सगळे शब्द ओरडून लॉटरी म्हणत असले तरी एक शून्य सगळ्यांवर भारी पडतं, आणि हे ज्यांना कळतं ते स्पॅमवाले मुद्दाम असे साळसूद शब्द पेरतात. प्रत्येक मोजणीत सुरुवातीलाच एक एक मिळव, म्हणजे न दिसलेल्या शब्दालाही थोडी जागा मिळते. याला लाप्लास स्मूदिंग म्हणतात, लायब्ररीत 'अल्फा' नावाचा आकडा असतो तो हाच, तू तो शून्य केला असशील. आणि हो, गुणाकार करू नकोस, लॉग घेऊन बेरीज कर, नाहीतर दोनशे शब्दांनंतर कॉम्प्युटरच आकडा शून्य धरून बसेल.

प्रश्न: मी नाशिकला फिजिशियन आहे, प्रोग्रॅमिंग येत नाही, कुतूहल म्हणून विचारते. आम्ही लक्षणांवरून रोगाकडे जातो. तुमच्या आकृतीत बाण रोगाकडून लक्षणांकडे का? आणि एवढी भोळी पद्धत पेशंटच्या बाबतीत कधी चालली आहे का?

उत्तर: डॉक्टर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते मला फार आवडतं. इंग्लंडात लीड्सला डी डोम्बाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मधे अचानक पोट दुखायला लागलेले ३०४ पेशंट घेतले, ॲपेंडिसायटिस, पँक्रियाटायटिस, फुटलेला अल्सर वगैरे गटांत त्यांना टाकायचं होतं, आणि कॉम्प्युटरला दिलं होतं ते हेच झुंबर, नाईव्ह बेझ. कॉम्प्युटर ९१.८ टक्के वेळा बरोबर आला, टीममधले सीनियर डॉक्टर ७९.६ टक्के. पोटदुखीची लक्षणं एकमेकांपासून अलिप्त नसतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती, तरी जमलं. कारण गटात टाकायला टक्का बरोबर असावा लागत नाही, पहिला नंबर बरोबर लागला की झालं. ९९ म्हणायच्या ऐवजी ७० म्हणायला हवं होतं, पण दोन्हीत पहिला नंबर ॲपेंडिक्सचाच. डोमिंगोस आणि पझानी यांनी १९९७ मधे हे नीट गणिताने मांडलं. केवायसीचं वरचं उदाहरण आठवा, तिथे नंबर बदलला कारण लढत आधीच जवळजवळ बरोबरीत होती. जिथे पुरावा एका बाजूला भरपूर झुकलेला असतो तिथे भोळेपणा खपून जातो.

आता बाणाची दिशा. गणिताला दोन्ही दिशा चालतात, पण लक्षणांकडून रोगाकडे बाण काढले तर रोगाच्या तक्त्यात २० लक्षणांच्या प्रत्येक कॉम्बिनेशनची एक ओळ, म्हणजे तीच १०,४८,५७६ ची कथा. आणि दुसरं कारण तुमच्या धंद्यातलंच आहे, टीबी असलेल्या माणसाला खोकला असण्याचं प्रमाण नाशिकला काय आणि लंडनला काय साधारण सारखं, पण खोकला असलेल्या माणसाला टीबी असण्याचं प्रमाण गावागणिक बदलतं. रोगाकडून लक्षणाकडे बाण काढला की गाव बदललं तरी फक्त वरच्या गोलाचा आकडा बदलायचा, खालचे तक्ते बहुतेक तसेच राहतात.

यावरून एक गंमत सांगते. या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'एशिया' नावाचं एक नेटवर्क शिकवतात, लॉरिट्झन आणि श्पीगलहाल्टर यांनी १९८८ मधे दिलेलं, आठ गोलांचं, दम लागतोय म्हणून आलेल्या पेशंटला टीबी, फुप्फुसाचा कॅन्सर की ब्रॉन्कायटिस हे बघायचं. त्यात एक गोल आहे, 'हा माणूस नुकताच आशियात जाऊन आलाय का', त्याचं प्रमाण १ टक्का, आणि जाऊन आला असेल तर टीबीची शक्यता १ वरून ५ टक्के. उदाहरण काल्पनिकच आहे, लेखकांनीच तसं सांगितलंय, पण आपल्याकडच्या कॉलेजात मुलं ते आकडे जसेच्या तसे टाईप करतात आणि कुणाच्या मनात येत नाही की बाबांनो, आपल्या ओपीडीतला प्रत्येक माणूस आशियातच आहे! दुसऱ्याचा तक्ता उचलताना हे बघायला पाहिजे.

त्याच आकृतीत झुंबराला न जमणारी एक गोष्ट दिसते. एक्सरेत डाग आहे, त्याला टीबी पण कारण असू शकतो आणि कॅन्सर पण, दोन बाण एकाच ठिकाणी येतात. डाग दिसला की दोन्हींचा संशय वाढतो. मग थुंकीच्या तपासणीत टीबी पक्का निघाला की कॅन्सरचा संशय आपोआप उतरतो, कॅन्सरची काही वेगळी तपासणी न करता. घरी लाईट गेल्यावर आपण हेच करतो ना, आपला फ्यूज उडाला की बाहेरून गेली? खिडकीतून समोरच्या बिल्डिंगकडे बघतो, तिथे पण अंधार असला की निवांत मेणबत्ती शोधायला जातो, फ्यूजकडे कुणी फिरकत पण नाही. समोरच्यांच्या अंधाराने आपल्या फ्यूजचं काहीच बिघडवलेलं किंवा सुधारलेलं नसतं, तरी आपलं मत बदलतं. याला 'एक्सप्लेनिंग अवे' म्हणतात. झुंबरात सगळे बाण एकाच गोलातून निघतात, दोन बाण एका लक्षणावर येऊन भेटतच नाहीत, त्यामुळे त्याला असला विचार करता येत नाही, आणि एकाच पेशंटला दोन रोग असू शकतात हे तर त्याला मान्यच नसतं.

प्रश्न: आमच्या डेटात अर्ध्या पेशंटच्या काही टेस्ट झालेल्याच नाहीत. मित्र म्हणतो रिकाम्या जागी सरासरी भर. (लातूर)

उत्तर: मित्राला थांबव. या मॉडेलांचा मोठा फायदाच हा आहे की टेस्ट नसेल तर त्या गोलाचा तक्ता गुणायचाच नाही, बाकीचे गुणायचे. सरासरी भरलीस तर न झालेल्या टेस्टचा खोटा रिपोर्ट तयार केलास.

पण मी स्वतः इथे एकदा तोंडावर आपटलेय म्हणून पुढचं पण वाच. काही वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलच्या डेटावर काम करत होते, नाव नको, प्लेटलेट्सच्या रकान्यात खूप रिकाम्या जागा होत्या, मी वर लिहिलं तसं त्या सोडून दिल्या आणि मॉडेल धडधाकट माणसांना डेंगीच्या गटात ढकलायला लागलं. दोन दिवस कोड तपासला. शेवटी तिथल्या नर्सताईंना विचारलं तर त्या हसल्या, म्हणाल्या अहो ज्याच्याकडे बघूनच कळतं की याला काही झालेलं नाही त्याची प्लेटलेट्स कोण करतंय! म्हणजे जागा रिकामी असणं हीच सगळ्यात मोठी माहिती होती आणि मी ती फेकून दिली होती. मग 'टेस्ट सांगितली का, हो की नाही' असा एक वेगळाच गोल काढला, रोगाकडून त्याच्याकडे बाण, आणि गाडी रुळावर आली. तेव्हा रिकामी जागा का रिकामी आहे ते आधी रकाना भरणाऱ्याला विचार, मग ठरव.

प्रश्न: मराठी बातम्यांमधली माणसांची आणि गावांची नावं ओळखायचा प्रोजेक्ट आहे. गाईडनी एचएमएम किंवा सीआरएफ वापर म्हणून सांगितलंय. दोन्ही ग्राफिकल मॉडेल आहेत एवढंच कळलं, फरक कळला नाही. (अमरावती)

उत्तर: छान विषय घेतलायस, आणि इंग्रजीवाल्यांपेक्षा अवघड. त्यांच्याकडे नाव आलं की पहिलं अक्षर मोठं, अर्धं काम तिथेच झालं. आपल्याकडे मोठं अक्षर नाही आणि वर निम्मी नावं शब्दकोशातली. 'विजय मिळाला' आणि 'विजय आला', यातला कोण माणूस? 'आशा', 'प्रकाश', 'उदय', 'किरण', सगळ्यांचं तेच. म्हणजे शब्द एकेकटा घेऊन गटात टाकता येत नाही, शेजारी बघायला लागतात. म्हणून इथे ग्राफ झुंबराचा नाही, साखळीचा: प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर एक लेबल (माणूस, गाव वगैरे) आणि लेबलं हातात हात घालून उभी.

एचएमएम म्हणजे हिडन मार्कोव्ह मॉडेल असं समजतं की लेबलाने शब्द जन्माला घातला, बाण लेबलाकडून शब्दाकडे. नाईव्ह बेझचाच मोठा भाऊ. त्यामुळे शब्द कसा तयार होतो हे त्याला सगळं समजावून सांगायला लागतं, आणि मराठीत तिथेच घोडं अडतं, कारण 'पुणे' चं 'पुण्याहून', 'पुण्यातल्या', 'पुणेकरांनी' होतं आणि त्याच्या दृष्टीने हे सगळे वेगळे शब्द, त्यातला एखादा त्याने कधी पाहिलेलाच नसतो. सीआरएफ म्हणजे कंडिशनल रँडम फील्ड, २००१ मधे लॅफर्टी, मॅकॅलम आणि परेरा यांनी आणलेला, म्हणतो की शब्द तर समोर आहेतच, ते कसे आले याची उठाठेव मी कशाला करू, मला फक्त शब्द दिलेले असताना लेबलं कुठली ते सांगायचंय. त्यामुळे त्याला वाटेल तेवढे एकमेकांत गुंतलेले इशारे देता येतात: शेवट 'हून' आहे का, मागे 'श्री' किंवा 'डॉ.' आहे का, पुढचा शब्द 'म्हणाले' आहे का, शेवटी 'कर' आहे का. एकच पुरावा दहा वेळा मोजण्याची वरची भानगड इथे एवढी छळत नाही कारण सगळी वजनं, म्हणजे कुठल्या इशाऱ्याला किती महत्त्व द्यायचं ते, एकत्रच शिकली जातात. लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणून अशीच वजनं एकत्र शिकणारी, गटात टाकायची एक पद्धत आहे, नाईव्ह बेझला ती जशी, तसा एचएमएमला सीआरएफ.

मग कायम सीआरएफच का नको? डेटा थोडा असेल तर भोळी भावंडं लवकर शिकतात. एंग आणि जॉर्डन यांनी नाईव्ह बेझ आणि लॉजिस्टिकची अशी जोडी लावून दाखवलं होतं की भोळं मॉडेल थोड्या डेटात आपल्या अचूकतेच्या मर्यादेला पोचतं, पण ती मर्यादाच खालची असते, डेटा वाढला की दुसरं पुढे निघून जातं. तुझ्याकडे लेबल लावलेली वाक्यं तीनशे असतील तर दोन्ही करून बघ.

आणि दहा शब्दांचं वाक्य, चार लेबलं, तर शक्य मांडण्या ४ चा १० वा घात, जो परत १०,४८,५७६ च येतो (हा आकडा या महिन्यात माझी पाठ सोडत नाहीये). सगळ्या तपासायच्या नाहीत. व्हिटर्बीची १९६७ ची युक्ती आहे, प्रत्येक शब्दापाशी प्रत्येक लेबलापर्यंत पोचायची फक्त एक सगळ्यात चांगली वाट लक्षात ठेवायची, बाकीच्या सोडून द्यायच्या. शब्दाशब्दामधल्या नऊ जागा, प्रत्येकी १६ हिशेब, १४४ मधे काम झालं. हे साखळी आहे म्हणून जमतं, ग्राफमधे गोल गोल फिरणारे रस्ते वाढले की नेमकं उत्तर काढणं फार जड होऊन बसतं.

प्रश्न: बाण आपण काढायचे की डेटावरून आपोआप काढून मिळतात? (पणजी)

उत्तर: मिळतात, पण सगळे ग्राफ तपासून नाही. बाणांचं चक्र होऊ न देता तीन गोल जोडायचे प्रकार २५, चार गोलांचे ५४३, पाचचे २९,२८१, आणि दहा गोलांवर गेलात की आकडा १९ अंकी होतो. म्हणून शोध घेताना काहीतरी बंधन घालतात. टॅनमधे झाडाचं बंधन असतं, आणि सगळ्यात चांगलं झाड शोधायची चाऊ आणि लिऊ यांची १९६८ ची पद्धत इतकी सरळ आहे की हाताने करता येते: प्रत्येक जोडीत एकाकडून दुसऱ्याबद्दल किती कळतं ते मोजा, सगळ्यात घट्ट जोडी आधी जोडा, मग त्याखालची, वर्तुळ होत असेल तर ती सोडा.

फक्त निघालेल्या बाणाला कारण समजू नका. 'पाऊस' आणि 'छत्री' या दोनच रकान्यांच्या डेटावरून बाण पावसाकडून छत्रीकडे की छत्रीकडून पावसाकडे हे ठरवताच येत नाही, दोन्ही ग्राफ डेटाला सारखेच बसतात. गटात टाकायला कुठलाही चालेल. पण त्यावरून 'छत्र्या उघडू नका म्हणजे पाऊस थांबेल' असा अहवाल कुणी देऊ नये, आणि असले अहवाल मी मीटिंगमधे बघितलेत.

प्रश्न: आता एआयला मराठीत विचारलं की उत्तर मिळतं. मग हे सगळं कशाला शिकायचं? (सातारा, निवृत्त शिक्षक)

उत्तर: सर, मजकूर गटात टाकायचा असेल आणि डेटा भरपूर असेल तर मी पण आता नवीन मोठी मॉडेलंच वापरते, उगाच जुन्याचा अभिमान धरत नाही. पण दीडशे पेशंट, त्यात निम्मे रकाने रिकामे, आणि समोर एक अनुभवी डॉक्टर ज्यांना काय कशामुळे होतं ते माहिती आहे, अशा वेळी त्यांच्याशी बोलून कागदावर आठ गोल काढणं अजूनही जास्त कामाला येतं. उत्तर पटलं नाही तर कुठला तक्ता चुकला तिथे बोट ठेवता येतं.

प्रश्न: पायथनमधे गॉसियन नाईव्ह बेझ लावलं, रक्तगट, तालुका, व्यवसाय असे रकाने आहेत, सगळ्यांना ०, १, २, ३ असे कोड दिले. निकाल नाणं उडवल्यासारखे येतात. डेटा खराब आहे का? (परभणी)

उत्तर: डेटा बिचारा बरा आहे. गॉसियनवालं प्रत्येक रकान्याची सरासरी आणि पसारा काढतं, ते उंची, वजन, तापमान असल्या मोजलेल्या आकड्यांसाठी आहे. तू ए ला ०, बी ला १, एबी ला २, ओ ला ३ दिलंस, त्यामुळे आत्ता तुझं मॉडेल असं मानून बसलंय की आजारी लोकांचा सरासरी रक्तगट १.७ आहे आणि बी हा ए आणि एबीच्या बरोबर मधे येतो. तालुक्याचं तर काय झालं असेल देव जाणे, जिंतूर आणि पाथरीची सरासरी काढून ते कुठेतरी शेतात उभं असेल. कॅटेगॉरिकल नाईव्ह बेझ घे, सायकिट-लर्नमधेच आहे, तो प्रत्येक कोडची वेगळी मोजणी करतो. वजन आणि वय पण असतील तर त्यांचे गट पाड, किंवा दोन मॉडेलं वेगवेगळी चालवून त्यांचे लॉग मिळव, पण तेव्हा रोगाच्या मूळ प्रमाणाचा लॉग दोन्हींत आलेला असतो, तो एकदा वजा करायला विसरू नकोस. पुढे टॅन करून बघायचं असेल तर पीजीएमपाय ही ग्राफिकल मॉडेलांची लायब्ररी घे, मात्र जुन्या व्हिडिओतली नावं नव्या व्हर्जनमधे बदललीत, एरर आला की आधी व्हर्जन बघ, मग मला पत्र टाक.